ताटातल्या शेंड्या

डॉक्टर एतेरीनं टेबलावर एक कडं ठेवलं,
सिलिकॉनचं, माझ्या नातीच्या मनगटात बसेल एवढं.
म्हणाली, हे जठराच्या गळ्यात घालायचं.
याला बँड म्हणतात. वाजत नाही, फक्त आवळतो.
मी हसलो. तेव्हा मी एकशे छप्पन्न किलो होतो,
मी हसलो की खुर्चीही कण्हायची.

आता मला नुत्साचा गुलाबी चमचा लागतो,
दांड्यावर ससा असलेला,
तिला दुधाचे दात येत होते तेव्हाचा.
एक घास. वीस वेळा चावायचा.
आधी नुसते आकडे मोजायचो,
मग ज्यांच्या लग्नात मी तमादा होतो
त्यांची नावं मोजू लागलो.
वीस नावं झाली की गिळायचं.
काडीमोड झालेलेही धरतो, नाहीतर भरत नाहीत.

जेवताना पाणी नाही.
जेवण आणि पाणी, एका चुलीवर न पटणाऱ्या जावा.
एक निघून गेल्यावर अर्ध्या तासानं दुसरीला बोलवायचं.
आणि बुडबुडे तर मुळीच नकोत,
म्हणून बोर्जोमीची बाटली त्सियाला सकाळीच उघडते.
संध्याकाळपर्यंत पाणी गप्प होतं.
मग आम्ही दोघं ते पितो,
तिला काय गरज आहे, मी विचारलेलं नाही.

सहाव्या आठवड्यात चोरून पावाची कड खाल्ली,
भट्टीच्या भिंतीवरून नुकती सोललेली.
ती छातीच्या मधोमध थांबली,
दारातल्या अवघडलेल्या पाहुण्यासारखी:
आत येईना, परत जाईना.
अक्रोडाखाली ओणवा झालो, तोंडातून लाळेच्या तारा,
आणि समोर आमचा कुत्रा
शेपूट हलवत, आशेनं.

शनिवारी अमिरानच्या मुलीचं लग्न. तमादा मीच.
दुशेतीत एकवीस वर्षं मीच.
तमादा म्हणजे जो सगळ्यांच्या आधी बोलतो,
सगळ्यांपेक्षा जास्त पितो
आणि सगळ्यांपेक्षा सरळ उभा राहतो.
शिंग भरून आलं. शिंगाला बूड नसतं,
भरलेलं खाली ठेवता येत नाही.
मी ओठ ओले केले, ते जुंबेरच्या हातात दिलं,
'आलावेर्दी' म्हणालो: शब्द तुझा, घोटही तुझा.

पहिल्यांदाच मी शेवटपर्यंत शुद्धीत होतो.
दिसलं की माझी तिसरी गोष्ट सुरू झाली
की बायका उठून ताटं आवरायला लागतात.
इतकी वर्षं मला वाटायचं
त्या आत रडायला जातात.

मग खिंकाली आली, वाफेची.
शेंडीला धरून उचलायची, कुशीत दात रोवून रस ओढायचा,
बाकीची खायची, शेंडी ताटात टाकायची.
शेंड्या मोजून माणसाचं नाव होतं.
माझ्या बत्तीस. लोक अजून सांगतात,
आता चाळीस म्हणून सांगतात.

मी एक घेतली.
रस नुसता चाखला, बाकीचा निथळू दिला.
सारणातला नखाएवढा तुकडा. वीस नावं.
मग आणखी एक तुकडा. पुन्हा वीस.
कणकेचं आवरण तसंच राहिलं,
पाणी आटलेल्या पखालीसारखं.
माझ्या ताटात एकच शेंडी,
आणि नवऱ्यामुलाचा काका समोरून बघत होता.

जुंबेर गिअरबॉक्सबद्दल बोलत होता.
बोलता बोलता त्यानं आपल्या तीन शेंड्या
माझ्या ताटात सरकवल्या. मग आणखी दोन.
गिअरबॉक्स काही थांबला नाही.
त्सियालानं रुमाल सावरताना एक टाकली.
माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.
काकानं मात्र ताट पाहिलं, मान डोलावली,
आणि माझ्या नावानं पेला उचलला.

रात्री परतताना भूक नव्हती. तहान होती.
घड्याळ पाहिलं: अजून चार मिनिटं.
जुंबेरनं फाटकाशी गाडी बंद केली.
आम्ही तिघं अंधारात बसून राहिलो,
त्सियालाच्या मांडीवर बाटली,
झाकण सकाळपासून उघडंच.