असे वाचावे

युद्ध थांबलं त्या रात्री
रविवार कारंज्याच्या आमच्या छापखान्यात
लाकडी टाइपातला मोठा 'वि' सापडेना.
विसपुतेशेठ म्हणाले, नुसता 'जय' लावा,
लोक समजून घेतील.
लोकांनी घेतलं.
सकाळी पेढे, गुलाल,
आणि द्वारकेच्या गॅरेजात
ट्रकांच्या दिव्यांवरचा अर्धा काळा रंग
रॉकेलच्या चिंधीनं पुसणारी पोरं.

पहिल्या पानावर जय.
तिसऱ्या पानावर तळाला माझं खातं:
खिडक्यांचे कागद काढण्यास हरकत नाही.
तथापि अफवांवर विश्वास ठेवू नये.
रामकुंडावर खिसेकापूंपासून सावध.

छापून झालं की खिळे आपापल्या घरी जातात,
क क-च्या घरात, ळ ळ-च्या.
लग्नं सुटतात, निधनं सुटतात,
मंत्र्यांचं भाषण तर पहिल्यांदा.
इशारे मात्र सोडायचे नाहीत.
सुतळीनं बांधून फळीवर ठेवायचे,
पुढच्या खेपेला तारीख तेवढी बदलायची.
माझ्या फळीवर धरणाचं पाणी होतं,
पटकी होती, देवळालीचे तोफगोळे होते,
धूळ खात,
कुठल्याही दिवशी खरे व्हायला तयार.

आई नाशिकरोडला. नोटांच्या प्रेसचा भोंगा झाला
की उठून दिवा मालवायची.
अगं, पाळी बदलली फक्त, मी म्हणायचो.
अंधारातून ती म्हणायची,
भोंग्याला काय माहीत?

गोटीराम पाळदे आमच्या चहाला दूध घालायचा.
बहुल्याकडून सायकलवर, दोन कॅन, वय बारा-तेरा.
अक्षर येत नव्हतं, म्हणून मलाच विचारायचा,
काका, गोळे कधी?
त्याच्या शेळ्या त्याच माळावर चरायच्या.
मी गॅलीकडे बघून सांगितलं, नऊला.

खिळा उलटा असतो.
आम्ही जन्मभर आरशातलं वाचतो
आणि आरशात सहाचा नऊ होतो.
एवढंच.
दिवा नीट होता, झोप झाली होती,
सबब शोधून पाहिली आहे मी.

निघताना तो 'येतो' म्हणाला.
आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत.
ही एक सूचना
कुणी जुळवली नाही, कुणी छापली नाही,
तिला तारीखही लागत नाही.

सातला रात्री चूकभूल बसवली.
आठच्या अंकात, बारीक टाइपात, जाहिरातीखाली:
दि. ९ ऐवजी दि. ६ असे वाचावे.

असे वाचावे.
ही ओळ मी पुढे कितीदा हातात घेतली.
शिशाची, गार, बोटभर.

तो वाचला.
दोन बोटं आणि अकरा शेळ्या सोडून.
महिन्यानं आला, एकच कॅन घेऊन,
माप ओतलं, पैसे मोजले, आणि विचारलं,
काका, आता कधी?
मला वाटलं होतं शिवी देईल.

छापखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.
फळीचं काय झालं, माहीत नाही.
पूर आला की अजून लोक मेसेज वाचतात
आणि वाचूनच घाटावर येतात,
दुतोंड्या मारुती किती बुडाला ते बघायला.
कमरेला पाणी, तोवर फोटो.
छातीला लागलं की सराफ बाजार दुकानं उचलतो.
दगडाला चूकभूल छापावी लागत नाही.

परवा शालिमारच्या स्टॉपवर
सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले:
ही चाचणी आहे, घाबरू नये.
वीस-पंचवीस अंगठ्यांनी तो बाजूला सारला
आणि गप्पा तुटल्या होत्या तिथून पुढे सुरू झाल्या.
मी चष्मा काढला, पुसला, लावला.
तारीख बघितली.
सरळ अक्षरावर माझा अजून भरवसा नाही.
शेजारच्या मुलीपुढे फोन धरून विचारलं,
बाळ, हा सहा आहे
की नऊ?