गुडघ्याच्या जरा खाली

गेलिबोलू, एप्रिल १९१५

बेहिजे,
कागद तेवढा कोरडा आहे.
बाकी सगळं ओलं: बूट, नकाशा, काडेपेटी
आणि हवालदार हुलूसीचा आवाज.

तार कमी पडली. इस्तंबूलहून आली ती
अर्ध्या किनाऱ्यालाही पुरेना.
मग गावोगाव फिरून कुंपणं सोडवली.
एका म्हातारीने द्राक्षमळ्याची तार स्वतः गुंडाळून दिली.
म्हणाली, शेळ्या खातील ते खातील,
पण लढाई संपली की माझी मला परत हवी.
पावती लिहून दिली. तिला वाचता येत नाही.
रुमालाच्या गाठीत बांधून ठेवली तिने.

काल रात्री ती तार पाण्याखाली अंथरली.
किती खोल, एवढाच प्रश्न होता,
आणि जर्मन पुस्तकातला समुद्र वेगळाच आहे.
तेव्हा बूट काढून मीच उतरलो.
येणारा होडीतून उडी टाकेल,
पाठीवर ओझं, बंदूक डोक्यावर धरलेली,
तळ दिसणार नाही त्याला.
तार गुडघ्याच्या जरा खाली लागली पाहिजे.
कुणाच्या गुडघ्याच्या, हुलूसीने विचारलं.
म्हटलं, माझ्या.
वहीत तशी नोंद आहे:
शत्रूची उंची, माझ्याएवढी.

तेव्हापासून तो माझ्या मापाचा झालाय.
खुंटीवरचा राखाडी कोट त्याला बसेल,
तू आखूड केलेल्या बाह्यांसकट.

तुतीला पाला आला का?
यंदा किडे पाळू नकोस, एकटीला झेपायचं नाही,
असं लिहिणार होतो.
पण पाळ.
रात्री ते पाला कुरतडतात तो आवाज
इथे लाट मागे सरताना गोट्यांतून येतो.
अगदी तोच नाही. पण झोप लागते.

समोरच्या बेटामागे धूर वाढलाय,
काल दहा रेषा, आज चौदा.
हे लिहायची मुभा नाही. तुकडीची पत्रं मीच तपासतो,
तेव्हा ही ओळ खोडली असं समज.

विजार नडगीवर फाटली,
तुझ्या ठिगळाच्या बोटभर वर.
जखम म्हणावी असं काही नाही.
तार नीट लागलीय, इतकंच त्यातून कळलं.
एक जाड सुई पाठव. दोरा आहे.

नेजाती

ता. क. पावतीची दुसरी प्रत सोबत आहे.
झेकिये हानम, एकशे चाळीस हात तार.
कपाटात ठेव, कोशांच्या हिशेबाच्या वहीत.
ती कुणाची, हे
कुणाला तरी ठाऊक असायला हवं.