पहिल्यांदा सुरू होताना

तैपेईच्या क्वांगह्वा बाजारात, चौथ्या मजल्यावर,
जिन्याला लागून आमचा गाळा.
बुधवारी दुपारी गिऱ्हाईक नसतं.
मी डब्यातला गार भात खात होतो
तेव्हा फान श्यौ-ल्वान आली. नाव नंतर कळलं, पावती करताना.
सत्तरीची असेल. पाठीवर शाळकरी पोराचं दप्तर,
हातात कागद, कागदावर तीन शब्द:
बोर्ड. प्रोसेसर. मेमरी.
पुढे किमतीच्या जागा रिकाम्या.

कशासाठी हवाय, हे आम्ही आधी विचारतो.
खेळायला म्हटलं की महाग, हिशेबाला म्हटलं की स्वस्त,
नातवासाठी म्हटलं की वाटेल ते.
ती म्हणाली, "पक्ष्यांसाठी."
पहाटे खाचरांच्या बांधावर यंत्र ठेवून
दोनशे तासांचे आवाज जमवलेत,
त्यांच्या रेघा पडद्यावर बघायच्यात,
आणि जुना संगणक मध्येच धापा टाकतो.

मी सगळ्यात वरचा खोका काढला.
बोर्डाच्या कडेने दिवे, सात रंग एकमेकांमागे पळणारे.
"पेटी टेबलाखाली राहणार," ती म्हणाली.
"हे काय पायांनी बघू?"

दुसरा दाखवला. तिसरा तिने हातात घेऊन
उलटा केला.
माझ्या गाळ्यात आजवर कुणी बोर्डाची पाठ बघितली नव्हती.
चष्मा कपाळावर, नाक टेकेल इतक्या जवळून
डागाचा एकेक ठिपका वाचत गेली,
तांदळातले खडे निवडावेत तशी.
"हा बरा. घाई केलेली नाही."

मग सांगितलं, बोर्डाकडेच बघत:
ताओयुआनचा कारखाना, एकवीस वर्षं, तिसरी रांग.
पट्ट्यावरून बोर्ड येणार, सहा कपॅसिटर खोवायचे,
अकरा सेकंद,
की पुढचा आलाच.
कुठे जायचे? बोटीवर. त्यापुढे कोण विचारतंय.
"एवढे हातून गेले,
सुरू झालेला एकही बघितला नाही."

मेमरीवर माझे दोन ठरलेले विनोद आहेत.
गिळले.

मला आठ कोरचा खपवायचा होता. ती सहावर थांबली,
"उरलेले मेमरीत घाल. सोळाच्या दोन."
बत्तीसची एकच का नको, मी विचारलं.
(परीक्षा घेत होतो. लाज वाटते आता.)
"कावडीला एकच कळशी बांधतोस का तू?"

चहा दिला तर कप बशीवर खडखडला, इतका हात थरथरत होता.
म्हणून म्हटलं, आजी, मी बसवतो.
तिने कप बाजूला सारला.
सॉकेटमधल्या केसाएवढ्या टाचण्यांवर
प्रोसेसर ठेवला, नुसता ठेवला, दाबला नाही,
आणि बोटं तेवढा वेळ दगडासारखी.
तरफ खाली ओढताना जो करकर आवाज येतो
त्याला मी अजून दचकतो. दोन बोर्ड मोडलेत मी.
ती दचकली नाही.
मेमरी दोन्ही टोकांना टक, टक.

वीज दिली. पंखा फिरला.
पडदा काळा.
वीस सेकंद. चाळीस.
"पहिल्यांदा वेळ लागतो," मी घाईघाईने म्हणालो,
"बोर्ड आणि मेमरी एकमेकांना जोखतात."
"जोखू दे," ती म्हणाली. "अकरा तर कधीच होऊन गेले."
समोरच्या गाळ्यातला चेन-हाओ येऊन उभा राहिला,
उगाच, हात खिशात घालून.
दीड मिनिटाने पांढरी अक्षरं उमटली:
सहा कोर, बत्तीस जीबी, तापमान अडतीस.
तिने तो आकडा वाचला
आणि बोर्डाच्या कडेला मागचं बोट लावून बघितलं,
तापवलेल्या दुधाच्या भांड्याला लावतात तसं.
बोलली काहीच नाही.
चेन-हाओनेच कारण नसताना टाळी वाजवली, एकच.

पावती मात्र आठवणीने मागून घेतली.
इथे पावतीच्या आकड्यांवर सोडत निघते.
"लागली," जिन्यात वळून म्हणाली, "तर चांगले स्पीकर."

दिव्यांचा तो महागडा बोर्ड
खोक्यात घालता घालता मी उलटा केला.
शेकडो ठिपके, चकचकीत, सगळे सारखे.
मला त्यातलं काहीही वाचता येईना.