गवत

त्या शनिवारी सांडोय बेटावर ऊन पडलं,
सलग तिसऱ्या दिवशी,
म्हणजे आमच्याकडे जवळजवळ अफवाच.
गवत वाळून कुरकुरीत,
आणि पश्चिमेला, समुद्राच्या टोकाशी,
फक्त आईला दिसलेली एक करडी रेघ.

"संध्याकाळच्या आत सगळं कोठारात," ती म्हणाली.
चौघांचे आठ हात.
तेवढ्यात निरोप आला: हाइनीचं काही खरं नाही.
हाइनी. ज्यानं बांधाचे दगड
एका रात्रीत दोन हात अलीकडे सरकवले.
अकरा वर्षं चर्चमध्ये बाबा
त्याच्या मागच्या बाकावर बसून
त्याच्या मानेकडे बघत प्रार्थना म्हणायचे.

बाबांनी दाताळं भिंतीला टेकवलं.
हात धुतले, कोपरापर्यंत.
"आज?" आईनं विचारलं.
"त्याच्याकडे उद्या नाहीये."
"स्वर्गात गवत लागत नसेल, सामल.
गायीला लागतं."
बाबा काही बोलले नाहीत. तिचं खरंच होतं.

आम्ही तिघींनी ओढलं जमेल तेवढं.
चारला पाऊस आला.
बाबा पहाटे परतले, डोळे सुजलेले,
दगडांबद्दल अक्षर काढलं नाही.
त्या रविवारी पाळक बोलले
कसर आणि जंग न लागणाऱ्या ठेवीबद्दल.
आईनं मांडीवरचा ओला रुमाल पिळला.

कुजत्या गवताचा गोडसर वास
महिनाभर घराभोवती रेंगाळला,
आणि जानेवारीत लिल्याला विकावं लागलं.
ती बोटीत चढेना. आई तिच्या कानाशी बोलत राहिली.
बाबांशी मात्र ईस्टरपर्यंत नाही.

शहाणं कोण होतं, असं कुणी विचारलं
तर मी अजून गप्प बसते.
मला दूध फार आवडायचं.

मग एकोणतीस वर्षांनी, नोव्हेंबरात,
बाबा खिडकीजवळच्या पलंगावर,
आणि शेवटी शेवटी त्यांना एकच घोर:
"गवत आत घेतलं का?
सुनेवा, गवत?"
बाहेर गारांचा वारा. शेत कधीच दुसऱ्याचं झालेलं.

चुलीवर काहीतरी उतू जात होतं.
आई, जी जेवायचीसुद्धा उभ्यानं,
खुर्ची ओढून बसली.
करपल्याचा वास आला, तरी उठली नाही.
"राहू दे गवत," ती म्हणाली.
"मी आहे इथं."