परत आलेला माल

रविवारी दुपारी तोंडात काहीतरी सुटलं.
आधी वाटलं, हाडाची कपची.
ताटाच्या कडेला काढून ठेवली तर
माझीच दाढ, म्हणजे दाढेवरची टोपी,
आठ महिन्यांपूर्वी साडेसहा हजारांना बसवलेली,
तांबड्या रश्शात न्हालेली.

बायकोनं बिल शोधलं,
ते रेशनकार्डाच्या पिशवीत निघालं.
मेव्हण्याचा फोन: ग्राहक मंचात ओढूया,
फुकट करून द्यायलाच लागतंय, कायदा हाय.
बिलाच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात होतं,
‘दातांच्या कामाची हमी दिली जात नाही.’
मी म्हटलं, बघू.
टोपी काडेपेटीत घातली आणि सोमवारी
दुसरी शिफ्ट टाकून राजारामपुरीत गेलो.

वाटेत भांडणाची सगळी वाक्यं जुळवली.
एकवीस वर्षं शिरोलीत ओतकाम करतोय, म्याडम.
आमच्याकडं माल परत येतो.
कास्टिंगात फुगा निघाला, वाळू बसली, कड भरली नाही,
की टेम्पो आमच्याच दारात,
लाल खडूची फुली मारलेला नग आमच्याच पुढ्यात,
आणि नवा ओतायचा तो
आमच्या लोखंडात, आमच्या कोळशात, भाड्यासकट.
लोखंडाची हमी नसते असं कुणी म्हणत नाही.
तुमची टोपीबी ओतलेलीच की.
मेण, साचा, धातू.
मग?

‘मग?’ तेवढं मोठ्यानं बोललो असणार.
रिक्षावाला मागं वळून म्हणाला, काय?

डॉक्टर शिंत्रे, तिशीच्या.
काडेपेटी उघडताना हसल्या नाहीत.
टोपी चिमट्यात धरून दिव्याखाली फिरवली,
बराच वेळ फिरवली.

मला अण्णाप्पा मिस्त्री आठवला.
एका गिऱ्हाइकानं पंपाचा पंखा परत पाठवलेला,
चिठ्ठीत लिहिलेलं, ओतकामात दोष.
अण्णाप्पानं तो असाच उन्हात धरून फिरवला.
पाती घासून निळी पडलेली,
पंप कोरडा चालवलेला,
शेंबड्या पोरालाबी कळलं असतं.
अण्णाप्पा म्हणाला, इथं खाली बघ,
एक बारीक फुगा हाय. हाय का न्हाई?
हाय.
मग फुगा आपला. ओत.

‘काय खाताना निघाली?’
‘भात,’ मी म्हटलं.
‘भात?’
‘आमटी-भात.’
त्यांनी कार्डावर लिहिलं: भात.
डॉक्टरच्या मानानं अक्षर चांगलं,
खुर्चीत आडवा पडूनही वाचता आलं.

मग म्हणाल्या, आतली कड
माझ्याकडून नीट बसली नव्हती.
नवी करून देते. पैसे नाहीत.
आणि माझ्याकडं न बघता
टोपी ट्रेमध्ये ठेवली.
तिच्या माथ्यावरचा एक टवका उडालेला होता,
नखाएवढा,
भातानं उडत नाही तसला.

जुळवलेली सगळी वाक्यं
कापसाच्या बोळ्याखाली दबून गेली.
मापाचा गुलाबी लगदा
दाढेभोवती हळूहळू घट्ट होत होता,
आमची वाळू पाटाभोवती होते तसा.
मी बोलणारच होतो, खरं सांगतो.
पण त्या अवस्थेत माणसाला
फक्त ‘आँ’ म्हणता येतं.

आठ दिवसांनी नवी बसली.
निळा कागद चावायला दिला, उंच लागतंय का?
नव्हतं लागत.
पावतीवर शून्य,
आणि तळाच्या मुंगीएवढ्या ओळीवर
पेननं मारलेली एक आडवी रेघ.
ती कधी मारली, मला दिसलं नाही.

आता रविवारी नळी डाव्या बाजूनं फोडतो.
बायको विचारते, उजवीकडं दुखतंय काय?
नाही, म्हणतो.
तिकडं भात खातो.