चुकते

घर बघायला आम्ही चौघंजण उभे होतो
हलमधल्या एका अरुंद गल्लीत, विटांच्या भिंतीला खेटून.
पुढच्या जोडप्याच्या पगाराच्या स्लिपा प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये,
माझ्या हातात चॉकलेटचा पत्र्याचा डबा. त्यातच सगळं:
किटचा जन्मदाखला, लसींची कार्डं,
आणि तळाशी कोर्टाचा कागद,
चार घड्या घातलेला.

आत शिरले आणि आधी नळ सोडून बघितला.
पाणी आलं. जरा तांबूस, मग स्वच्छ.
हसूच आलं मला.
पाण्यापायीच तर झालं होतं हे सगळं.

सहाशे अडतीस पौंड, जुन्या घराचं पाणीबिल.
घर सोडताना नवा पत्ता कळवला नाही, खरंय.
पण कुठला कळवणार?
बहिणीच्या सोफ्याला का पोस्टकोड असतो?
पत्रं त्या जुन्या दाराच्या फटीतून पडत राहिली,
पायपुसण्यावर साचत राहिली,
आणि कुठल्याशा मंगळवारी निकाल लागला.
माझं नावसुद्धा पुकारलं नाही कुणी.
मी तेव्हा कारखान्यात
कॅरव्हॅनला खिडक्या बसवत होते.
दिवसाला चौदा.

कळलं तेव्हा भरून टाकले, एकरकमी,
वडिलांचं अकॉर्डियन विकून.
महिन्याच्या आत भरले असते
तर नोंदच पुसली गेली असती.
मी भरले तेहतिसाव्या दिवशी.
आता सहा वर्षं ती तिथंच,
पुढे फक्त एक शब्द जोडून दिलाय त्यांनी:
चुकते.

किती वेळा वाचला असेन तो.
पैसे चुकते.
रात्री दोन वाजता वाचला
की नुसतं: चुकते.
मी.

आधीच्या तीन घरांना मी सांगितलं नव्हतं.
तिन्ही वेळा माझ्या आधी यंत्रानं सांगितलं.
दुसऱ्या घरानं तर बयाणाही ठेवून घेतला,
खोटी माहिती दिली म्हणून.
खोटं नव्हते हो बोलले,
एक रकाना तेवढा कोरा सोडला होता.
तिसऱ्या वेळी एजन्सीतला पोरगा म्हणाला, हमीदार आणा,
स्वतःचं घर असलेला, वर्षाला तीस हजार कमावणारा.
मी ओळखीची माणसं मनात मोजली.
फार वेळ लागला नाही.

म्हणून या वेळी एजन्सी नको म्हटलं.
मालकीणबाई, मिसेस हेस्केथ,
गुडघ्यांवर बसून ओव्हन घासत होत्या.
रबरी हातमोजे, कोपरापर्यंत काजळी.
मी डबा उघडला आणि म्हटलं,
आधी हे वाचा, मग मला खोल्या दाखवा.

त्यांनी मोजे काढले नाहीत.
दोन बोटांत कागद धरला, हात लांब करून,
चष्म्यावाचून वाचतात तसा.
बाहेर जोडप्यातला कुणीतरी घड्याळ बघत खाकरला.
"तेहतिसावा दिवस," त्या म्हणाल्या.
मी म्हटलं, "मधे बँकेला सुट्टी होती."
"हं."
मग ओव्हनकडे बघत,
"वरच्या खोलीतला नळ रात्री ठिबकतो.
झोप सावध आहे का तुमची?"
मी म्हटलं, हल्ली आहे.
"पोराची?"
त्याची नाही.

कळवते, म्हणाल्या. सगळेच म्हणतात.
खोल्या मात्र दाखवल्या, तिन्ही,
आणि जिन्याखालची ती जागाही,
जिथे सायकल मावेल.

बसमध्ये डबा मांडीवर घेतला तर हलका लागला.
उघडून पाहिला. दाखला होता, कार्डं होती.
कागद तिथंच राहिला होता, ओव्हनवर,
त्यांच्या बोटांच्या काळ्या ठशांसकट.

परत जाऊन मागावा का?
दोन थांबे विचार करत राहिले.
तिसऱ्यालाही उतरले नाही.
आमच्या घरातलं कुणीतरी
आधीच राहायला गेलं होतं तिथं.