मंगळवारी येशील तेव्हा

एल्ड्रेड, दाराची कडी अडते.
खांदा लाव आणि ढकल. आवाज होईल, होऊ दे.
देवळाच्या तळघरातली खोली आहे,
एका भिंतीला महिला मंडळाच्या कपबश्या,
दुसरीला नाताळच्या नाटकातली पुठ्ठ्याची मेंढरं,
मधे दोन खुर्च्या.
हीटरजवळची तुझी.

चहा असेल, डब्यातल्या दुधाचा.
पहिला तास हवामानावर बोललास तरी चालेल.
न्यूफाउंडलंडचा माणूस धुक्यावर तासभर बोलतो
आणि त्यातच कधीकधी सगळं सांगून बसतो.

मी काही डॉक्टर नाही.
एकतीस वर्षं या बंदरावर टपाल वाटलं.
कुठल्या पाकिटात वाईट बातमी आहे
ते नुसत्या वजनावरून कळायचं मला.
एकही फोडलं नाही.
तुझंही फोडणार नाही.
फक्त, जगणं नको झालंय असं म्हणालास
तर गप्प बसणार नाही. फोन उचलीन,
नर्सला, आणि तुझ्या कोरालाही.
हे आधीच सांगून ठेवते.

टेबलावर शास्त्र असेल.
दचकू नकोस, तुझ्यावर उगारायला नाही ठेवलेलं.
माझ्या नवऱ्याला माती दिली त्या दिवशी
लोकांनी एकेक वचन माझ्या हातात दिलं
आणि सँडविचच्या ताटाकडे वळले.
मी पुस्तक मिटलं, पिठाच्या डब्यामागे सरकवलं,
दोन हिवाळे.
पानांच्या कडा अजून पांढऱ्या आहेत, बघशीलच.

आपण बहुधा त्या संदेष्ट्यापासून सुरू करू,
जो झुडपाखाली आडवा झाला
आणि म्हणाला, पुरे झालं, आता ने मला.
देवानं त्याला उपदेश केला नाही रे.
झोपू दिलं. उठवून भाकर दिली. परत झोपू दिलं.
डोंगर नंतर.
म्हणून मी आधी विचारीन, झोप लागते का? जेवतोस काय?
डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या घे.
चष्मा लावून वाचलं म्हणून वचन खोटं होतं का?
तसंच हे.

मग तिसऱ्या-चौथ्या मंगळवारी कधीतरी
ते इंजिन येईल खोलीत,
तू भावाला विकलंस ते.
मला काही ठाऊक नाही.
एवढंच दिसलं, की गार्लंडसाठी प्रार्थना झाली त्या दिवशी
सगळे समुद्राकडे बघत होते
आणि तू स्वतःच्या हातांकडे.

'तुझा काही दोष नाही' असं मी लगेच म्हणेन
ही आशा धरू नकोस.
कदाचित नसेलही.
पण ऐकून न घेता क्षमा वाटायची
म्हणजे पत्ता न वाचता टपाल टाकायचं,
कुणाच्या तरी दारात पडतं,
ज्याचं त्याला मिळत नाही.

दोष असला तर त्याला नावानं हाक मारू.
शास्त्रात त्याला जागा आहे.
रडून अंथरूण भिजवणाऱ्या राजाची पानं आहेत,
देवालाच जाब विचारणारी पानं आहेत,
ती मोठ्यानं वाच,
मंगळवारी वर कुणी नसतं.
आणि मग एक दिवस आयडाच्या पायऱ्या चढाव्या लागतील.
मी फाटकापर्यंत येईन.
आत तुलाच जायचंय.
भावजय दार उघडेल की लावून घेईल, सांगता येत नाही.
क्षमेची हमी आहे ती वरून,
शेजारून नाही.

प्रार्थना करीन, तुला चालणार असेल तर.
लहान असते माझी.
कधी नुसतं नाव घेते आणि थांबते,
जाळं दुरुस्त करताना हात थांबतो ना,
पुढची गाठ कुठे ते बघायला,
तेवढं.

पैसे घेत नाही.
मागच्या शरदात कुणीतरी पायरीवर कॉड ठेवून गेलं,
साफ केलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
कोण, ते सांगणार नाही.

आणि नाही आलास,
तरी हीटर लावलेला असेल,
चारपासून.